पोटभर जळलेली राख

आबा कुणाच्याही घरी गेले की आधी चुलीपाशी जायचे. चहापाणी, खुशाली, सगळं नंतर. धोतराचा सोगा सावरून उकिडवे बसायचे, चुलीतली चिमूटभर राख अंगठ्यात आणि बोटात धरून चोळायचे, आणि तेवढ्यात त्या घराबद्दल त्यांचं जे काही मत व्हायचं ते होऊन जायचं. राख पांढरी, पिठासारखी मऊ असली तर चेहरा खुलायचा. काळी, खरखरीत असली तर हात झटकून म्हणायचे, "अर्धपोटी आहे." माझ्या चुलीची राख त्यांनी पहिल्याच दिवशी अर्धपोटी ठरवली. मी धारहून देवासच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आले होते, चुलीवर जेमतेम एक चहा झाला होता, ट्रंकेचं कुलूपही अजून काढलं नव्हतं, आणि हा अनोळखी म्हातारा माझ्या स्वयंपाकघरात बसून मला नापास करत होता. मला दुसऱ्यांना नापास करायची सवय, स्वतः व्हायची नाही. पुढे कित्येक महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

गल्लीत सगळे त्यांना बंबवाले आबा म्हणत. त्यांच्या आजोबांपासून घराण्यात एकच काम, देवासच्या राजांच्या थोरल्या शाखेच्या, म्हणजे थोरल्या पातीच्या, राजवाड्यात हमामखान्याचे बंब पेटवायचे. पहाटे किती वाजता कुणाला किती ऊन पाणी लागतं हे त्यांच्या वडिलांना राजवाड्यातल्या माणसांच्या नावांपेक्षा जास्त पाठ होतं म्हणे. संस्थान विलीन झालं, हमामखान्याला टाळं लागलं, बंब लिलावात गेले. आबा तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. गावाबाहेर कापड रंगवायचा एक लहान कारखाना नुकता निघाला होता, तिथे बॉयलरवर त्यांना घेतलं. लोकांना वाटलं, राजवाड्यातला माणूस कारखान्यात रडेल. आबा कुठले रडायला! ते म्हणाले, "बंबच आहे तो. जरा आडवा झोपवलाय इतकंच."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. लाकूड असो, कोळसा असो, गोवरी असो, त्याला पोटभर जळू द्यावं. घाईघाईने कोळसा कोंबायचा, धूर काढायचा आणि अर्धं जळलेलं ओढून बाहेर टाकायचं, हे त्यांना अन्न टाकण्याइतकं पाप वाटायचं. त्यांच्या पाळीत भट्टीतून निघणारी राख खरोखर पांढरीशुभ्र असे. तिच्या पुड्या बांधून ते गल्लीत घरोघर वाटत, पितळ घासायला, दात घासायला. सोमवारी तीच कपाळाला लावत. इंदूरहून बॉयलर तपासायला वर्षातून एकदा साहेब येत, ते राखेचा ढीग बघून आबांच्या पाठीवर हात ठेवून जात. ती एक थाप आबांना वर्षभर पुरायची.

बॉयलरवर दोन पाळ्या होत्या. सकाळची आबांची आणि दुपारची मांगीलालची. मांगीलाल खातेगावकडचा, तिशीतला, आनंदी आणि आळशी. एकदाच भट्टी गच्च भरायची आणि बाहेर लिंबाखाली विडी ओढत बसायचं, ही त्याची पद्धत. वाफ उतरली की धावत जाऊन, जे असेल ते ओढून, वर पाणी मारून बाहेर फेकायचा. त्याची राख काळी कुळकुळीत, तिच्यात निम्मा कोळसा. आबांनी आपल्या राखेचा ढीग कुंपणाच्या आत ठेवला होता आणि मांगीलालचा बाहेर, रस्त्याच्या कडेला. दोन ढीग चुकूनही मिसळू देत नसत. त्याला रोज बोलत. तो रोज "हाँ आबा साब" म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता बावडीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गल्लीच्या मागे पायऱ्यांची जुनी बावडी होती. पाणी साखरेसारखं गोड. कारखान्याचं रंगाचं पाणी नाल्यात सुटायचं, आणि नाला बावडीच्या अगदी अंगावरून जायचा. पहिलं वर्षभर काही दिसलं नाही. मग पाणी हळूहळू रंग दाखवू लागलं. कारखान्यात लाल रंगाचा घाणा असला की चार दिवसांनी बावडी लालसर, निळा असला की निळसर. प्यायला लोक चौकातल्या नळाकडे वळले. पण आबांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकू, त्या काही वळल्या नाहीत. नळात चामड्याची चकती असते, ते पाणी देवाला कसं घालायचं? त्यांचं माहेर धारजवळचं तिरला. माझं धार. त्यामुळे माझ्यावर त्यांचा हक्क होता. गुडघे धरून त्या बावडीच्या पायऱ्या उतरत, आणि वर येताना पायरीवर बसून मला हाक मारत. मी कळशी वर आणून द्यायची.

चैत्रातलं त्यांचं हळदीकुंकू गल्लीत नावाजलेलं. सगळ्या जणींना आंब्याची डाळ आणि पन्हं. त्या वर्षी त्यांनी नेहमीप्रमाणे देवघरातल्या कळशीतल्या पाण्यात डाळ भिजत घातली. डोळ्यांत मोतीबिंदू, स्वयंपाकघर अंधारं. कारखान्यात तो आठवडा निळ्या रंगाचा होता. पिवळी डाळ निळ्या पाण्यात रात्रभर राहिल्यावर काय होणार? हिरवी झाली. बायकांना वाटलं, काकूंनी कोथिंबीर जास्त घातली. ताटल्या हातात धरून सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. आणि मी, माझी जीभ आधीच तिखट, पटकन विचारलं, "काकू, डाळीला हा रंग कसला?" काकूंनी ताट खिडकीपाशी नेलं, डोळ्यांजवळ धरून पाहिलं, आणि पदराखाली झाकून आत घेऊन गेल्या. परत बाहेर आल्या तेव्हा हसत होत्या, पण त्या दिवसानंतर त्यांनी कुणाला घरी बोलावलं नाही. मला ते अजून खातं.

महिन्याभरात नगरपालिकेचे साहेब येऊन बावडी बघून गेले. म्हणाले, पाणी खराब आहे, पावसाळ्याच्या आधी दगडमाती टाकून बुजवून टाकू. कारखान्याच्या शेठना विचारलं तर ते म्हणाले, रंग तर जाणारच, कापड रंगवतो आम्ही, दूध विकत नाही. आबा मधल्या मध्ये. ज्या कारखान्यावर घर चालतं त्याचंच पाणी, आणि ज्या बावडीवर बायकोचे देव चालतात तीच बावडी. काकू त्यांना फक्त एकदा म्हणाल्या, "बुजली तर मी देवांना कुठलं पाणी घालू, एवढं सांगून ठेवा." आबा त्या रात्री जेवले नाहीत, हे मला शेजारच्या भिंतीतून कळलं.

माझा संबंध आला तो माझ्या पातळांमुळे. शाळेत पांढरं पातळ नेसायचा नियम, आणि नळावर गर्दी, म्हणून मी धुणं बावडीच्या पाण्यात करायची. पातळांवर गुलाबी ढग उमटले. मुली हसू लागल्या. धारला माझी आई राखेचं पाणी करून कपडे धुवायची, ते आठवलं. तळाला भोक असलेला एक फुटका माठ घेतला, भोकावर फडकं, वर राख, आणि त्यातून बावडीचं पाणी ओतलं. राख कुठली? आबांशी माझा अबोला होता, तेव्हा त्यांच्याकडे मागायचा प्रश्नच नव्हता. रस्त्याकडेच्या मांगीलालच्या ढिगातून टोपलीभर उचलली. पहिलं पाणी काळं आलं. ते फेकलं. मग जे आलं ते पाहून मी खाली बसले. लाल पाणी वरून घातलं होतं आणि खालून जवळजवळ नितळ पडत होतं.

मी अबोला विसरून आबांकडे पळत गेले. राखेतून पाणी गाळलं की रंग जातो, असं सांगितलं. ते आले, त्यांनी पाहिलं, पाण्यात बोट बुडवून पाहिलं. माठातली राख भिजून चिखल झाली होती, पांढरी की काळी ते ओळखू येत नव्हतं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "राख आमच्या भट्टीची ना, बाई?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं. भट्टी एकच होती. माझ्या फळीवर त्यांनी समेटासाठी पाठवलेली पांढऱ्या राखेची पुडी न उघडता पडलेली होती, आणि मी मांगीलालच्या ढिगातली राख वापरते हे त्यांना कसं सांगणार? राख ती राख, असं मला वाटलं. वाटलं कसलं, वाटून घेतलं.

आबांनी शेठना सांगितलं, शेठनी नगरपालिकेच्या साहेबांना बोलावलं. कारखान्याच्या मोरीपाशी आबांनी स्वतः विटांचा खड्डा बांधला, तळाला गोणपाट अंथरलं, आणि आठ दिवस साठवलेली आपली पांढरी राख त्यात हाताने पसरली. मांगीलालला जवळ येऊ दिलं नाही. त्या दिवशी ते हमामखान्यातला जुना फेटा बांधून आले होते. लाल पाणी सोडलं. पांढरी राख गुलाबी झाली आणि खालून पाणी लालच्या लाल आलं. आबांनी पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा ओतलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, शेठ म्हणाले, "आबा, अब रहने दो." आबांनी फेटा काढला, त्याची घडी घातली, काखेत धरली आणि पाळीवर गेले. मी लिंबाखाली उभी होते. मला धरणी दुभंगावी असं झालं.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते म्हणजे ती पुडी उघडली. दोन माठ मांडले, एकात पांढरी राख, एकात काळी. पाणी एकच. पांढरीतून लाल, काळीतून नितळ. दोन्ही पेले घेऊन आबांच्या ओसरीवर गेले आणि त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी नितळ पेल्याकडे बोट केलं.

"ही कुणाची राख?"

"मांगीलालची."

"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"होतं," मी म्हटलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. चुकलं माझं."

आत काकू वाती वळत होत्या, त्यांचा हात थांबला. मग आबांनी काळी राख चिमटीत घेतली, चोळली, नेहमीसारखी झटकून मात्र टाकली नाही. हातातच ठेवली. "ही अजून भुकेली आहे, बाई," ते म्हणाले. "माझी जेवून उठलेली. भरल्या पोटी ती रंग कशाला खाईल?"

मी पुढे शाळेत पुष्कळ वर्षं विज्ञान शिकवलं. अर्धवट जळलेला कोळसा रंग का धरून ठेवतो, ते पुस्तकातून वाचलं आणि फळ्यावर लिहिलंही. पण मुलींना ते समजावताना दरवेळी शेवटी आबांचंच वाक्य तोंडात यायचं.

दुसऱ्या दिवशी जे घडलं ते मला मांगीलालने सांगितलं, आणि सांगताना त्याला अजून खरं वाटत नव्हतं. आपली पाळी संपल्यावर आबा घरी गेले नाहीत. भट्टीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, मांगीलाल, ही राख तू कशी करतोस, मला दाखव. मांगीलालला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. तो हात जोडून म्हणाला, "आबा साब, काम से निकालना हो तो सीधा बोल दो." आबा म्हणाले, "निकालना नहीं है, भिया. सीखना है." आणि स्टूल ओढून बसले. कोळसा किती कोंबतो, कधी ओढतो, पाणी केव्हा मारतो, सगळं त्यांनी पाहिलं. विस्तव जिवंत असताना पाणी मारलं की राख जास्त चांगली निघते, हे त्यांनीच हेरलं. मांगीलाल ते पाणी फक्त लवकर घरी जायला मारत होता.

पण एकट्या मांगीलालच्या पाळीची काळी राख खड्ड्याला पुरेना. दर दोन दिवसांनी ती बदलावी लागे. तेव्हा आबांनी आपल्या पाळीचा शेवटचा तास काळ्या राखेला दिला. पाळी संपत आली की भट्टीतला अर्धा जळलेला कोळसा ते ओढून बाहेर काढायचे आणि त्यावर बादली रिकामी करायचे. मी एकदा पाहिलंय. फावडं टाकताना ते तोंड फिरवायचे. म्हणाले, ताटावर बसलेल्या माणसाला हात धरून उठवल्यासारखं वाटतं. तरी एक दिवस त्यांनी चुकवला नाही. साहेबांना पुन्हा बोलावलं, या वेळी फेटा न बांधता. खालून पडलेलं पाणी पेल्यात घेऊन साहेबांनी उजेडात धरलं आणि बावडी बुजवायचं पुढच्या वर्षावर ढकललं. ते पुढचं वर्ष कधी आलं नाही. पावसाळ्यानंतर गल्लीने बावडीतला गाळ काढला, आणि दिवाळीपर्यंत तळाची पायरी दिसू लागली. रंग गेला म्हणजे पाण्यातलं सगळंच वाईट गेलं असं नसतं, हे आज मला कळतं. तेव्हा आम्हाला पायरी दिसली, त्यातच आनंद होता.

पुढच्या चैत्रात काकूंनी हळदीकुंकू केलं. सकाळीच मला बोलावलं, डाळीचं पातेलं पुढे केलं आणि म्हणाल्या, "बघ गं, तुझे डोळे चांगले आहेत." डाळ पिवळी होती. मी तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? मी पुन्हा सांगितलं. मग माझ्या खांद्याला धरून त्या रडल्या, आणि मीही रडले. आबा ओसरीवर बसून मोठमोठ्याने खाकरत होते.

त्याच सुमारास इंदूरचे साहेब तपासणीला आले. जुने साहेब बदलून गेले होते, हे नवे होते. त्यांनी आल्या आल्या बाहेरचा काळा ढीग पाहिला आणि चारचौघांत म्हणाले, ज्याने ही राख काढली त्याला भट्टीजवळ उभं करू नका, त्याला काम येत नाही. शेठना सगळं ठाऊक होतं, ते गप्प राहिले. मांगीलाल पुढे होऊन काही बोलणार होता, त्याला आबांनी हाताने मागे सारलं आणि म्हणाले, "राख मेरी है, साहब." बस, एवढंच. ना खड्डा दाखवला, ना बावडी.

मला कळलं तेव्हा मी आबांवरच चिडले. तोंड होतं ना तुम्हाला, म्हटलं, सांगायचं होतं! ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "साहेब खोटं काय बोलले? कच्ची राख होती, कच्ची म्हणाले." चिलीम काढत म्हणाले, "वाईट वाटलं, बाई. वाटणारच. आजोबांपासून कुणी आम्हाला असं म्हटलं नव्हतं." आणि ती भरायला लागले. त्यानंतर पुड्या वाटणं त्यांनी कमी केलं. एवढाच काय तो फरक.

मांगीलालला मात्र त्यांनी सोडलं नाही. त्याच्यामागे आणखी लागले. काळी राख मुद्दाम करायची असेल तर आधी पांढरी करता आली पाहिजे, नाहीतर तो नुसता आळस, असं त्यांचं म्हणणं. पाळी संपली तरी त्याच्या पाळीत थांबून शिकवायचे. कोळसा कसा पातळ पसरायचा, वारा कसा द्यायचा, सळई कुठे घालायची. मांगीलाल माझ्याकडे येऊन कुरकुर करायचा. म्हणायचा, बाई, म्हाताऱ्याला समजवा, माझ्या हातून सफेद राख या जन्मी व्हायची नाही. आणि खरंच होत नव्हती. फार तर करडी.

असे चार हिवाळे गेले. आबांची छाती धुराने आधीच गेलेली होती. पौषात मावठ्याचा पाऊस झाला, गारठा पडला, आणि तीन दिवसांच्या तापात आबा गेले. मी शाळेत होते. परत आले तेव्हा गल्लीतले पुरुष त्यांना घेऊन नदीवर गेलेले होते. काकू देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या, समोर बावडीच्या पाण्याची कळशी. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला आणि दिवा लागेपर्यंत सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली. मांगीलाल गल्लीत न थांबता सरळ माझ्या दारात आला. डोळे सुजलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्यासारखे लाल. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा म्हणाला, लाकडं ओली होती. सगळे आपापल्या वेळेला निघून गेले, रीतच आहे तशी. पण चिता नुसती धुमसत होती. तो एकटा थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सळईने लाकडं हलवत, वारा द्यायला वाट करत, आबांनी शिकवलं होतं तसं एक एक ओंडका पातळ पसरत राहिला.

"एक बी कालो टुकड़ो नी छोड्यो म्हने, बाई," तो म्हणाला. "सफेद. बिलकुल सफेद. आबा साब पेटभर जले."

मी त्याच्या हातांना तूप लावायला वाटी आणली. पण त्याने लावून घेतलं नाही, नंतर लावतो म्हणाला. दुपारची पाळी व्हायची होती, आणि खड्ड्यातली काळी राख त्या दिवशी बदलायची होती.